बाळंतपणानंतर ‘हार्मोन बॅलन्स’साठी गर्भनिरोधक गोळी : घ्यावी का, कोणती आणि कधीपासून?

केस मुठीने गळतायत. रात्री घामाने गाऊन भिजतो. कारण नसताना डोळे भरून येतात. पाळीचा पत्ता नाही, आणि आली तर दहा-दहा दिवस थांबत नाही. बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत यातलं काही ना काही बहुतेक जणींच्या वाट्याला येतं. मग कुणीतरी सांगतं, “अगं, हार्मोन्स बिघडलेत तुझे. गोळ्या चालू कर, बॅलन्स होतील.” हे सांगणारं कुणीतरी म्हणजे नणंद, ऑफिसातली मैत्रीण, कधीकधी थेट मेडिकलवाला. आणि गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या, बऱ्याचदा त्या मैत्रिणीला पीसीओडीसाठी (यालाच पीसीओएसही म्हणतात, बीजकोश आणि हार्मोन्सचा विकार) दिलेल्या पाकिटातल्याच.

सरळ सांगते. गर्भनिरोधक गोळी हार्मोन्स बॅलन्स करत नाही. ती तुमच्या बीजकोशांचं स्वतःचं काम थांबवते आणि बाहेरून रोज ठरावीक मात्रेत हार्मोन पुरवते. गोळी चालू असताना महिन्याच्या महिन्याला जो रक्तस्राव येतो, तो हार्मोनच्या गोळ्यांमध्ये खंड पडल्यामुळे येतो. पाळी ‘सुधारली’ असा त्याचा अर्थ नाही. काही जणींसाठी हीच गोष्ट फार उपयोगाची ठरते. पण आधी आपल्याला नेमकं काय होतंय आणि गोळी कशासाठी हवी आहे, हे वेगळं करायला हवं.

आधी शरीरात काय चाललंय ते बघा

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः वारेतून येतात. वार पडली की दोन-तीन दिवसांत दोन्हींची पातळी कोसळते. त्याच वेळी दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वर असतं आणि बाळ अंगावर पीत राहील तोवर ते बीजकोशांना गप्प बसवतं. त्यामुळे पाळी येत नाही, इस्ट्रोजेन कमी राहतं, रात्री घाम फुटतो, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधांच्या वेळी दुखतं. हा बिघाड नाही, दूध पाजण्यासाठी शरीराने केलेली सोय आहे. पाजणं कमी झालं की ती आपोआप उठते. तोवर कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित वंगणजेल पुरतं. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीमार्गात लावायचं औषध देतात. त्यासाठी तोंडाने गर्भनिरोधक गोळी घ्यायची गरज नसते.

केसांचंही असंच. गरोदरपणात जे केस गळायचे राहून गेलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. टक्कल पडेल की काय असं वाटतं, पण वर्षभरात बहुतेक जणींचे केस पूर्ववत होतात. या गळतीवर गोळी हा उपाय नाही.

पायरी पहिली : तक्रार लिहा, तपासणी करा

एका कागदावर तीन-चार ओळींत लिहा: काय होतंय, कधीपासून, बाळ काय पितंय, कोणती औषधं चालू आहेत. डॉक्टरांकडे जाताना हा कागद आणि बाळंतपणाची फाईल दोन्ही न्या. ओपीडीच्या पाच मिनिटांत सगळं आठवत नाही, आणि मांडीवर रडणारं बाळ असेल तर काहीच आठवत नाही.

तपासण्या फार लागत नाहीत. हिमोग्लोबिन बघा, कारण थकवा, धाप आणि केसगळती या तिन्हींमागे अनेकदा रक्त कमी असणं हेच साधं कारण निघतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघा. बाळंतपणानंतर वर्षभरात काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. पहिल्या काही महिन्यांत थायरॉइड जास्त चालतं, म्हणजे धडधड, वजन उतरणं, चिडचिड. नंतर ते मंदावतं, म्हणजे सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ. हे अगदी ‘हार्मोन्स बिघडले’सारखंच दिसतं, आणि खरोखर हार्मोनचंच असतं, फक्त वेगळ्या हार्मोनचं. त्यावर गर्भनिरोधक गोळी काही करत नाही. गरोदरपणात थायरॉइडची गोळी चालू होती त्यांनी साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून डोस ठरवून घ्यावा. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करावी.

क्रम लक्षात ठेवा: थायरॉइडची तपासणी गोळी सुरू करण्यापूर्वी. इस्ट्रोजेनच्या गोळीमुळे रक्तातला एकूण टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला दिसतो आणि उगाच घोळ होतो. गोळी चालूच असेल तर फ्री टी-फोर करून घ्यावा.

लॅबवाले ‘फीमेल हार्मोन प्रोफाइल’ नावाचं मोठं पॅकेज विकतात. अंगावर पाजत असताना ते पैसे वाया घालवणं आहे. प्रोलॅक्टिन वाढलेलं येणारच, ते वाढलेलं असायलाच हवं. रिपोर्टवर लाल अक्षरं पाहून कुणी प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी सुरू केली, तर बाळाचं दूध तुटेल.

मनाचं मात्र वेगळं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतलं रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. गर्भनिरोधक गोळी हा त्यावरचा उपचार नाही, आणि काही जणींचा मूड हार्मोनच्या गोळीने आणखी बिनसतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. “सव्वा महिना झाल्यावर बघू” हे इथे चालत नाही.

मग गोळी घ्यायची कशासाठी?

एक, दिवस राहू नयेत म्हणून. हे मुख्य कारण आणि ते पुरेसं आहे. बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षं जावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन, आधीपासून पीसीओएस असेल, बाळ अंगावर पीत नसेल आणि पाळी महिनोन्‌महिने येत नसेल किंवा आल्यावर अतोनात जात असेल, तर. इथे गोळी खरंच कामाची आहे. गर्भाशयाचं अस्तर साचून राहत नाही, रक्तस्राव आटोक्यात राहतो, मुरुमं आणि नको तिथले केस कमी होतात. पण गोळी बंद केली की पीसीओएस जिथल्या तिथे असतं, हे माहीत असावं.

पायरी दुसरी : २१ दिवस, ४२ दिवस, सहा महिने

लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल.

गर्भनिरोधक गोळ्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक संयुक्त गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) दोन्ही असलेली. माला-एन, माला-डी आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बहुतेक गोळ्या या जातीच्या. दुसरी फक्त प्रोजेस्टोजेन असलेली, मिनी-पिल. वेळेचा सगळा पेच संयुक्त गोळीचा आहे, कारण इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा धोका मुळातच सर्वांत जास्त असतो, त्यातही पहिले तीन. त्यात काही घरांत बाळंतिणीला खाटेवरून उठू देत नाहीत, पाणी बेताने द्यायचं म्हणतात. गुठळीच्या दृष्टीने दोन्ही उलटं.

बाळंतपणाच्या दिवसापासून कॅलेंडरवर मोजा. पहिले २१ दिवस संयुक्त गोळी कुणीही घ्यायची नाही, बाळ अंगावर पीत असो वा नसो. २१ ते ४२ दिवसांत, बाळ पूर्णपणे वरच्या दुधावर असेल आणि गुठळीचा दुसरा धोका नसेल, तरच डॉक्टरांना विचारून. सिझेरियन झालं असेल, बाळंतपणात खूप रक्त गेलं किंवा रक्त चढवावं लागलं असेल, गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांची भीती निर्माण झाली असेल, वजन फार असेल, तुम्ही सिगारेट ओढत असाल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर ४२ दिवस थांबायचंच. आपल्याकडचा सव्वा महिना या ४२ दिवसांच्या चार-पाच दिवस आधी संपतो. तेव्हा सव्वा महिन्याची न्हाणी झाली म्हणून गोळी लगेच सुरू करू नका, पुरता दीड महिना होऊ द्या.

बाळ अंगावर पीत असेल तर हिशेब आणखी लांबतो. इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. म्हणून पहिले सहा आठवडे संयुक्त गोळी अजिबात नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार सहा महिन्यांपर्यंतही शक्यतो नाही. सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खाऊ लागतं, तेव्हा ती चालू शकते. अमेरिका-इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बहिणीला सहा आठवड्यांनंतर अंगावर पाजत असतानाही तिच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली असेल, तर चुकीचं काही नाही. तिथले निकष थोडे सैल आहेत.

अंगावर पाजत असाल तर पर्याय कोणते

मिनी-पिल बाळंतपणानंतर लवकर सुरू करता येते आणि दुधावर परिणाम करत नाही. आपल्याकडे डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी मिळते. रोज एक, ठरलेल्या वेळी, मध्ये खंड नाही. पाळी अनियमित होते, मधूनच डाग पडतात किंवा येतच नाही. ‘पाळी बॅलन्स’ करायला म्हणून ही गोळी घेतली तर निराशाच होईल.

दुसरा पर्याय छाया. सहेली या नावाने हीच गोळी १९९१पासून बाजारात आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं सेंटक्रोमन हे औषध तिच्यात असतं आणि ते हार्मोन नाही. सरकारी दवाखान्यात छाया मोफत मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारांना: पहिली गोळी रविवारी घेतली तर पुढे रविवार-बुधवार, सोमवारी घेतली तर सोमवार-गुरुवार. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या वाराला. या गोळीवर पाळी लांबते, त्याला घाबरायचं नाही, पण शंका आली तर दिवस राहिलेत का ते बघायची कार्ड टेस्ट करायची. पीसीओएस असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल, तर ही गोळी नको. ‘आठवड्याला एकच’ ऐकून पहिल्या महिन्यापासूनच एक-एक घेणाऱ्या बायका असतात. तसं करायचं नाही.

गोळ्यांची कटकटच नको असेल तर सहा आठवड्यांनंतर अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. फक्त ते सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा मग चार-सहा आठवड्यांनी बसवता येते.

बाळ फक्त अंगावरचं पितं, पाळी आलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील, तर पाजण्यानेच ९८ टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळतं. तिन्हींपैकी एक जरी मोडली, रात्रीची एक बाटली वरच्या दुधाची सुरू झाली, तरी हा भरवसा संपला. आणि पाळी येण्याआधी बीज सुटतं, त्यामुळे “अजून पाळीच नाही, मग दिवस कसे राहतील” हे म्हणणं खरं नाही. अंगावर न पाजणाऱ्या बाईला चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकतं.

पायरी तिसरी : तुम्हाला चालेल का?

संयुक्त गोळीच्या आधी बीपी मोजलंच पाहिजे. एकदा, नीट, बसून. १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर ही गोळी नको, दुसरा मार्ग शोधा. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचम किंवा नागमोडी रेषा दिसणारी अर्धशिशी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झालेली गुठळी, हृदयविकार, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, वय ३५च्या वर आणि सिगारेट, यांपैकी काही असेल तरी नको. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटोइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गरोदरपणात गालावर वांग आले असतील तर इस्ट्रोजेनच्या गोळीने ते गडद होऊ शकतात. धोका नाही, पण नंतर आरशात बघून वाईट वाटायला नको.

मैत्रिणीच्या पीसीओडीच्या पाकिटात अनेकदा सायप्रोटेरॉन असलेली गोळी असते. मुरुमं आणि लव यांसाठी ती दिली जाते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या साध्या गोळीपेक्षा तिच्यात गुठळीचा धोका जास्त आहे. बाळंतिणीने ती उसनी घेऊ नये.

आणखी एक घोळ. पूजा, लग्न, गणपती म्हणून पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी गर्भनिरोधक नाही. त्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बारसं निर्विघ्न पार पडावं म्हणून बाळंतिणीला ती देणं तर अजिबात नको.

पायरी चौथी : सुरुवात आणि रोजचं घेणं

माला-एन सरकारी दवाखान्यात मोफत, आशाताईंकडेही मिळते. माला-डी मेडिकलमध्ये अगदी स्वस्त. औषध दोन्हींत तेच: लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम. महाग गोळी म्हणजे चांगली गोळी असं काही नाही. पाकीट समोर धरा. २८ गोळ्या, त्यांतल्या २१ पांढऱ्या हार्मोनच्या, सात तपकिरी लोहाच्या. बाण दाखवतो त्या दिशेने रोज एक. तपकिरी गोळ्या चालू असताना पाळी येते. ती येवो वा न येवो, २८ संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट.

पाळी सुरू झाली असेल तर पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात करा. पाळी आलीच नसेल तर दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून कुठल्याही दिवशी सुरू करता येते, मात्र पहिले सात दिवस कंडोम वापरायचा. वेळ अशी निवडा की बाळाच्या गोंधळातही चुकणार नाही. बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब रोज देताच, त्याच वेळी आपली गोळी. रात्री झोपताना हा सल्ला सगळे देतात, पण तान्ह्या बाळाच्या आईला ‘झोपताना’ अशी ठरावीक वेळ असते कुठे?

विसरलात तर असं करा:

– एक पांढरी गोळी राहिली : आठवेल तेव्हा लगेच घ्या, त्या दिवशीची नेहमीच्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही.
– दोन किंवा जास्त राहिल्या : शेवटची राहिलेली एक लगेच घ्या, आधीच्या सोडून द्या, पुढचे सात दिवस कंडोम. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर तपकिरी गोळ्या टाकून द्या आणि पांढऱ्या संपताच नवं पाकीट उघडा.
– तपकिरी राहिली : काही बिघडत नाही.
– गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली : आणखी एक घ्या.
– डेसोजेस्ट्रेलची मिनी-पिल १२ तासांहून जास्त उशिरा झाली : लगेच घ्या, पुढे रोजच्या वेळी चालू ठेवा, सात दिवस कंडोम.

कागदावर गोळी ९९ टक्क्यांहून जास्त परिणामकारक आहे. प्रत्यक्षात विसराविसरी धरून वर्षभरात शंभरातल्या साधारण सात जणींना दिवस राहतात. तान्हं बाळ घरात असताना आपण कोणत्या गटात मोडू, हे ज्याचं त्याने ठरवावं. तांबी त्या बाबतीत बिनघोर.

पायरी पाचवी : पहिले तीन महिने

मळमळ, छाती भरल्यासारखी वाटणं, मधेच डाग पडणं हे पहिल्या दोन-तीन पाकिटांत होतं आणि बहुधा थांबतं. डाग पडले म्हणून गोळी मधेच सोडू नका, त्याने रक्तस्राव वाढतो. तीन पाकिटांनंतरही त्रास राहिला तर गोळी बदलून मिळते. तीन महिन्यांनी बीपी पुन्हा मोजा.

एका पोटरीत दुखून सूज येणं, अचानक दम लागणं किंवा छातीत कळ, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, दिसणं धूसर होणं, बोलताना जीभ जड होणं, पोटात तीव्र दुखणं: यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि थेट तातडीच्या विभागात. बाळंतपण किती दिवसांपूर्वी झालं आणि कोणती गोळी चालू आहे, हे दारातच सांगा. पाकीट बरोबर न्या.

थांबवायचं ठरल्यावर

गोळी कधीही बंद करता येते, पाकीट पूर्ण करून केली तर पाळीचा गोंधळ कमी. गोळीने वंध्यत्व येत नाही. काही जणींना पुढच्याच महिन्यात दिवस राहतात, म्हणून दुसरं बाळ नको असेल तर दुसरा उपाय आधी ठरवा आणि मग गोळी सोडा. बाळ हवं असेल तर गोळी सोडायच्या किमान महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू करा. पहिल्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर हा डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.